टोळी गेल्यावर लागलेली सूचना
(एका प्राथमिक शाळेचा प्रकरण अभ्यास)

बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या रांगेवर, डांबरी रस्ता सोडून आत वळलं की हे गाव लागतं. पहिली ते पाचवीची जिल्हा परिषदेची शाळा, एक मुख्याध्यापक, एक शिक्षिका, दोन पक्क्या खोल्या, पत्र्याचं स्वयंपाकघर आणि दारात लिंबाचं झाड. गाव ऊसतोडीचं. मुकादमाकडून, म्हणजे तोडणी मजुरांची टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराकडून, उन्हाळ्यातच उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते. ती फेडायला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात (दोघांची जोडी म्हणजे एक कोयता) आणि सांगली, कोल्हापूर, सोलापूर नाहीतर बेळगावकडच्या कारखान्यांवर जातात. दसरा-दिवाळीच्या सुमारास निम्म्याहून जास्त घरांना कुलपं लागतात. लेकरं काही आजी-आजोबांकडे राहतात, काही आई-बापाबरोबर फडात, म्हणजे तोड चालू असलेल्या उसाच्या शेतात जातात. कुणाचं लेकरू कुठं राहणार, हे बहुतेक वेळा गाडी भरायच्या आदल्या रात्री ठरतं.

मी गट साधन केंद्रात, म्हणजे शिक्षकांना मार्गदर्शन करणाऱ्या तालुक्याच्या केंद्रात, विषयतज्ज्ञ म्हणून काम करते आणि ही शाळा माझ्या भेटींच्या यादीत आहे. शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत आपण गणित कसं शिकवावं, वाचन कसं घ्यावं यावर पुष्कळ बोलतो. शाळेत काय चाललंय आणि पुढं काय आहे हे घरी कसं कळतं, यावर मात्र बोलणं होत नाही. 2023-24 आणि 2024-25 या दोन वर्षांत या शाळेने नेमकं तेच काम नव्याने बसवलं. ते जवळून पाहिलं म्हणून लिहिते आहे. गावाचं आणि माणसांची नावं मुद्दाम देत नाही.

सूचना देण्याची सोय शाळेत आधीही होती. व्हरांड्यातल्या फलकावर डाव्या बाजूला ‘शाळेच्या बातम्या’ आणि उजव्या बाजूला ‘आगामी कार्यक्रम’ असे दोन रकाने होते. बाईंचं अक्षर सुरेख, रंगीत खडूंनी नक्षी काढलेली. पालकांचा व्हॉट्सअॅप गट होता. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेची नोंदवही होती, तीत सूचना लिहून सदस्यांच्या सह्या घेतल्या जायच्या. वरून कुणी तपासणीला आलं असतं तर तिन्ही ठिकाणी पूर्ण गुण मिळाले असते.

2023 चा ऑगस्ट कोरडा गेला. सोयाबीन हातचं गेलं. 31 ऑक्टोबरला राज्य सरकारने 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात बीडचे वडवणी, धारूर आणि अंबाजोगाई हे तीन होते. एरवी न जाणारी घरंसुद्धा त्या वर्षी निघाली. गळीत हंगाम 1 नोव्हेंबरला सुरू झाला, म्हणजे दिवाळीच्याही आधी, त्यामुळे 24 ऑक्टोबरचा दसरा होताच टोळ्या हलू लागल्या.

हंगामी वसतिगृहाच्या प्रस्तावासाठी समितीची सभा शाळेने दसऱ्यानंतरच्या शुक्रवारी ठेवली होती. ज्यांना ही योजना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: आई-वडील तोडीला गेलेल्या मुलांना गावातच ठेवून त्यांच्या दोन्ही वेळच्या जेवणाची आणि अभ्यासाची सोय हंगामापुरती करायची, आणि हे काम व्यवस्थापन समितीने चालवायचं. बरीचशी मुलं झोपायला आजीकडेच जातात, पण पोटाची काळजी मिटते. त्यासाठी कोणाचं लेकरू मागे राहणार याची यादी आधी लागते, आणि ती यादी पालकांच्या होकारावर बनते.

गटावर गेलेली सूचना मी नंतर पाहिली. ‘सर्व पालकांना कळविण्यात येते की, स्थलांतरित पालकांच्या पाल्यांकरिता हंगामी वसतिगृह सुरू करणेबाबत शुक्रवारी दुपारी 4 वाजता सभा आयोजित करण्यात आली आहे. तरी सर्वांनी उपस्थित राहावे.’ हेच फलकावर होतं आणि नोंदवहीतही होतं. शुक्रवारपर्यंत गावातल्या दोन मोठ्या टोळ्या गेल्या होत्या. सभेला आले ते बहुतेक गावातच राहणारे पालक, म्हणजे ज्यांना वसतिगृहाची गरज नव्हती ते.

तिसरीतली एक मुलगी त्या आठवड्यात ट्रॅक्टरच्या मागच्या ट्रॉलीत, ताडपत्री आणि पिठाच्या डब्यांच्या मध्ये बसून गेली. तिच्या काखेला वर्षाचा भाऊ. पुढे डिसेंबरमध्ये तिच्या आजीला भेटले तेव्हा म्हातारी म्हणाली, “बाई, हितं लेकराला जेवायला मिळणारंय असं मला कुणी म्हणलंच नाही. दोन टायमाची भाकर मी कुठून घालू, म्हणून तर तिला नेली. कळलं असतं तर मी पदर पसरून ठेवून घेतली असती.” फोन मुलीच्या वडिलांकडे होता आणि त्यातला रिचार्ज संपलेला होता. आजीचं घर शाळेपासून चार घरं सोडून आहे.

त्या हिवाळ्यात शाळेत सांगण्यासारखं खूप घडत होतं, आणि मला सर्वांत जास्त लागलं ते हेच. नोव्हेंबरमध्ये पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं देण्याचा निर्णय आला, अंडं न खाणाऱ्यांना केळं. डिसेंबरमध्ये त्याहून मोठी बातमी आली. पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा होणार, उत्तीर्ण झालं नाही तर फेरपरीक्षा, आणि तीतही जमलं नाही तर त्याच वर्गात बसावं लागणार. आठवीपर्यंत नापास करत नाहीत हे खेड्यापाड्यांत आता पक्कं बसलेलं होतं, त्यामुळे पाचवीच्या पालकांसाठी याहून महत्त्वाची बातमी त्या वर्षात दुसरी नव्हती. ती आली तेव्हा पाचवीची अर्धी मुलं उसाच्या फडात होती. गटावर शासन निर्णयाची पीडीएफ तशीच पुढे पाठवली गेली.

मग 1 जानेवारी ते 15 फेब्रुवारी 2024 या काळात ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ अभियान झालं. भिंती रंगल्या, परसबाग झाली, स्नेहसंमेलन झालं, लेझीम बसवलं. गटावर फोटोंचा नुसता पाऊस. शाळेने मनापासून काम केलं होतं, त्यात खोट नाही. एप्रिलमध्ये परत आलेल्या एका आईला मी विचारलं, तिकडं शाळेचं काही कळायचं का? ती म्हणाली, “शेजारच्या कोपीतल्या (झोपडीतल्या) पोराच्या फोनवर फोटू बघितले. आमचं लेकरू कशातच नव्हतं. मग बघायचं सोडलं.”

मार्चअखेरीस एक वडील पाचवीतल्या मुलाला घेऊन शाळेत आले आणि त्यांनी विचारलं, “गुरुजी, पाचवीत नापास कधीपासनं करायला लागले?” मुलाने पाच महिने वही उघडलेली नव्हती. परीक्षा दिली, गणितात राहिला, फेरपरीक्षेत निघाला. उन्हाळाभर बाईंनी त्याला घरी बोलावून शिकवलं म्हणून निघाला.

आता कारणं. फोन नाही, नेट नाही, पालक अडाणी, असं म्हणून हे प्रकरण मिटवता येतं आणि बहुतेक अहवालांत ते तसंच मिटतं. मला ते पटत नाही.

पहिलं कारण वेळेचं आहे. शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं आणि एप्रिलअखेर संपतं, पण या गावाचं वर्ष टोळी उचलते तिथे दुभंगतं. संचमान्यतेसाठी, म्हणजे शिक्षकांची पदं मंजूर करण्यासाठी, पट धरला जातो तो 30 सप्टेंबरचा. त्या दिवशी सगळी मुलं वर्गात असतात, शिक्षकसंख्या त्यावर ठरते, आणि कागदावर शाळा वर्षभर तेवढीच भरलेली राहते. कार्यक्रमांची आखणीही त्याच भरलेल्या शाळेसाठी होते. बालिका दिन 3 जानेवारीला, मराठी भाषा गौरव दिन 27 फेब्रुवारीला, विज्ञान दिन 28 फेब्रुवारीला, स्नेहसंमेलन थंडीत, आणि त्या दोन वर्षांत नवोदय विद्यालयाची प्रवेशपरीक्षा जानेवारीत, पाचवीची शिष्यवृत्ती परीक्षा फेब्रुवारीत. आनंदाचं आणि संधीचं जे काही आहे त्यातलं बरंचसं मुलं नसताना.

दुसरं कारण समितीच्या रचनेत होतं आणि ते शोधायला मला वेळ लागला. शिक्षण हक्क कायद्यानुसार व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. इथे ते दोन्ही पाळलेलं होतं. पण सभा दर महिन्याला होणार, सह्या दर महिन्याला लागणार, म्हणून निवड करताना ‘वर्षभर गावात असणारे’ पालक घेतले गेले होते. दिसायला रास्त वाटतं. परिणाम असा की जाणाऱ्या घरांपैकी एकही माणूस समितीत नव्हता आणि टोळ्या कधी निघणार हे सभेची तारीख ठरवताना विचारावं असं कुणाला सुचायलाच जागा नव्हती. शेजारच्या खोलीत बसलेल्या शिक्षिकेला ते माहीत नव्हतं, गल्लीतल्या प्रत्येक पोराला माहीत होतं.

तिसरं, सूचनेची भाषा. ‘स्थलांतरित पालकांच्या पाल्यांकरिता’ हे आपल्यासाठी आहे, असं तोडीला जाणाऱ्या माणसाला वाटत नाही. तो स्वतःला स्थलांतरित म्हणत नाही, ‘आम्ही तोडीला जातो’ म्हणतो. बाकी फोन कुणाच्या हातात असतो, दुपारी चारला कोण रिकामं असतं, या गोष्टी सगळ्यांना माहीत आहेत, त्या इथे लांबवत नाही.

जून 2024 मध्ये मुख्याध्यापकांनी जाणाऱ्या घरांच्या बैठकीला मला बोलावलं. बैठक रात्री साडेआठला मारुतीच्या पारावर झाली. शाळेत घेतली नाही हे बरं झालं, कारण बायका मोकळ्या बोलल्या. समितीत जाणाऱ्या घरांमधून दोन जागा भरायच्या ठरल्या. एका जागेवर एक आई, आणि दुसऱ्या जागेवर नातवंडं सांभाळणारी एक आजी. कायद्यात आई-वडिलांबरोबर पालकत्व करणारी माणसंही धरलेली आहेत, त्यामुळे आजीच्या नावाला अडचण आली नाही. ती अंगठा उठवते, आणि माझ्या मते समितीतली सर्वांत कामाची सदस्य तीच आहे.

तिनेच पहिल्या सभेत विचारलं, “तारीख कशाला धरता? आधी मुकादमाला इचारा गाडी कवा लागायची.” तेव्हापासून कार्यक्रमपत्रिका त्या प्रश्नापासून बनते.

वसतिगृहाची पाहणी ऑगस्टमध्ये घरोघर झाली. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत मुलांची नावं मोठ्याने वाचून दाखवली आणि राहिलेल्यांनी तिथेच हात वर करून नावं घातली. सप्टेंबरमध्ये प्रस्ताव गेला. स्नेहसंमेलन जानेवारीतून काढून नवरात्रात घेतलं, 12 ऑक्टोबरच्या दसऱ्याआधी. यावर वाद झाला. गावात राहणाऱ्या एका पालकाने सरळ विचारलं की आमच्या पोरांनी थंडीत काय करायचं, आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. तालमीला दिवस कमी मिळाले, सत्र परीक्षेची तयारीही त्याच दिवसांत आली. शेवटी जानेवारीत बालिका दिनाचा आणि संक्रांतीचा कार्यक्रम छोटा का होईना ठेवायचं ठरलं. पण नवरात्रातल्या त्या संध्याकाळी पटावरचं जवळजवळ प्रत्येक लेकरू मंचावर येऊन गेलं, आणि मागे उभे असलेले बाप, जे एरवी शाळेच्या फाटकाच्या आत येत नाहीत, ते शेवटपर्यंत थांबले. त्याच मंचावर, टाळ्या चालू असताना, बाईंनी शिक्षण हमी कार्डं वाटली आणि प्रत्येक घराला सांगितलं: लेकराला न्यावंच लागलं तर कारखान्याजवळच्या शाळेत हे दाखवा, तिथे त्याला बसवून घेतील, आणि परत आलात की इथे त्याचं नाव आहेच.

फलक राहिला, पण त्याची नक्षी गेली. अक्षर मोठं झालं आणि एका वेळी दोनच ओळी.

खरा बदल आवाजाचा. दर शुक्रवारी रात्री आठ वाजता बाई दीड-दोन मिनिटांचा आवाजी निरोप पाठवतात. वेळ टोळीतल्या बायकांना विचारून ठरली. पहाटे अंधारात फडात उतरायचं, दिवसभर मोळ्या बांधायच्या, गाडी भरून द्यायची, मग चूल. आठच्या सुमाराला भाकरी थापताना फोन शेजारी ठेवून ऐकता येतं. साधा फोन असणाऱ्यांसाठी प्रत्येक टोळीत एक बाई ठरली, जिच्या फोनवर निरोप येतो आणि ती इतरांना ऐकवते. डिसेंबरमधला एक निरोप बाईंच्या परवानगीने इथे देते:

“राम राम. मी शाळेतून बाई बोलतेय. या आठवड्यात दुसरीच्या पोरांनी शंभरपर्यंत अंक म्हणून दाखवले, वसतिगृहातली आठ लेकरं रोज जेवून अभ्यासाला बसतात, आणि बुधवारी सगळ्यांनी अंडी खाल्ली. आता पुढचं. पाचवीच्या लेकरांची वार्षिक परीक्षा एप्रिलात आहे, पास व्हावंच लागतं. ज्यांचं लेकरू तिकडं बरोबर आहे त्यांनी रोज झोपायच्या आधी एक पान वाचून घ्या, पुस्तक पिशवीत दिलेलं आहे. कुणाचं लेकरू आजारी असलं तर मला फोन करा. येते.”

झालं ते आधी, होणारं ते नंतर, आणि दोन्ही मिळून चार-पाच गोष्टींच्या वर नाही. हा क्रम बाईंनी स्वतः बसवला. गटावर फोटो टाकणं त्यांनी बंद केलं, त्या एका आईचं बोलणं त्यांना मी सांगितलं होतं. आता फोटो छापून वहीत चिकटवतात आणि मुलं परत आली की वही घरी नेऊन दाखवतात.

मुकादमामार्फत निरोप द्यायचा प्रयोग फसला. सुरुवातीला सगळ्यांना तोच सोपा मार्ग वाटला, कारण टोळी त्याच्या शब्दाबाहेर नसते. पण लेकरू बरोबर असलं की कोपी राखायला, जनावरं बघायला हात मिळतो आणि आई मोकळेपणी तोडते, हा त्याचा हिशोब. ‘वसतिगृहात ठेवा’ हा निरोप त्याच्याकडून पुढे जाईना. आवाजी निरोपही काही फडांवर पोचत नाही, नेटवर्कच नसतं, आणि दोन-तीन आठवड्यांचे निरोप एकदम ऐकले की त्यातला दिवस निघून गेलेला असतो. म्हणून तारखेच्या गोष्टी बाई तीन आठवडे आधीपासून दर निरोपात पुन्हा सांगतात.

2024 चा हंगाम 15 नोव्हेंबरला सुरू झाला आणि विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला होतं. काही टोळ्या मत देऊन मगच निघाल्या. या चार-पाच जास्तीच्या दिवसांत निवडणुकीच्या कामातून वेळ काढून बाई आणि समितीतली ती आजी राहिलेल्या घरी जाऊन आल्या. आदल्या वर्षी ट्रॉलीतून गेलेली मुलगी या वेळी मागे राहिली. भावाला आईने बरोबर नेलं.

त्या वर्षी ऊस कमी होता, कारखान्यांचे पट्टे लवकर पडले, म्हणजे गाळप लवकर बंद झालं. 30 मार्चच्या पाडव्याला बरीच घरं उघडली होती. राज्यभर पहिली ते नववीची वार्षिक परीक्षा 8 ते 25 एप्रिल 2025 या काळात झाली, त्यामुळे परत आलेल्या मुलांना तयारीला थोडे का होईना दिवस मिळाले. पाचवीच्या एकाही पालकाने या वेळी ‘हे कधीपासनं’ असं विचारलं नाही. फडातून आलेल्या मुलांचं वाचन मागे पडलेलं होतं, ते निरोपाने भरून निघणारं नव्हतं आणि निघालं नाही. पण कोण किती मागे आहे हे आई-वडिलांना परीक्षेआधी माहीत होतं, आणि त्यातल्या काहींनी पोरांना संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात बसवायला सुरुवात केली.

राहिलेल्या दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे हे सगळं बाईंच्या आवाजावर चाललंय आणि बदली कधीही होऊ शकते. समितीने ठरवलंय की पुढच्या हंगामापासून एक आड एक शुक्रवारी निरोप समितीतली आई देणार, म्हणजे लोकांना दोन्ही आवाज ओळखीचे होतील. ती आई हंगामात स्वतः फडात असते, त्यामुळे शाळेकडून तिला आधी मजकूर सांगायचा आणि तिने तिथून बोलायचं असं करून बघणार आहेत.

दुसरी जास्त अवघड. तान्हं भावंड सांभाळायला मुलीला न्यावं लागतं, ही अडचण लवकर सूचना देऊन सुटत नाही. आईला वसतिगृह माहीत असतं, तिची इच्छाही असते, पण फडाच्या बांधावर वर्षाचं लेकरू एकटं कसं टाकायचं? हा प्रश्न पारावरच्या बैठकीत दोन बायकांनी मांडला होता आणि त्यावर शाळेकडे उत्तर नव्हतं. ऑगस्टच्या पाहणीत आता एक नवा रकाना घातला आहे: घरात सहा वर्षांखालचं मूल आहे का, आणि ते कोण सांभाळणार. त्या वेळच्या सभेला अंगणवाडी सेविकेला बोलवायचं ठरलंय. ज्या घरात आजी धडधाकट आहे तिथे तान्ह्यालाही मागे ठेवता येईल का, हे ती घरोघर बघणार आहे.